पायथॉन खालून वाचा, सी वरून

जुळे सोलापुरात आमच्या घरी रविवारी सकाळी काही मुलं-मुली लॅपटॉप घेऊन येतात. कुणी डिप्लोमाला, कुणी बीसीएला, कुणी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करते, त्यामुळे ‘ताई, जरा बघता का’ हे नेहमीचंच. कोड लिहायला ही मुलं घाबरत नाहीत. स्क्रीनवर एरर आली की मात्र नजर ती न वाचताच कोडकडे पळते. मग इथला कंस काढ, तिथे स्पेस घाल, पुन्हा रन कर, असं सुरू होतं. थोड्या वेळाने मूळ चूक जागच्या जागी असते आणि शेजारी दोन नव्या झालेल्या असतात. एरर वाचायची रीत कुठल्याच पेपरला नाही, म्हणून ती कुणी शिकवत नाही. नोकरीत पहिल्या आठवड्यापासून काम पडतं ते मात्र तिचंच.

पायथॉनपासून सुरू करू. एररची पहिली ओळच सांगते, ट्रेसबॅक, मोस्ट रिसेंट कॉल लास्ट. म्हणजे सगळ्यात शेवटी जे घडलं ते सगळ्यात खाली छापलंय. म्हणून आधी तळाची ओळ वाचायची. तिच्यात अपूर्णविरामाच्या डावीकडे चुकीचा प्रकार असतो (नेमएरर, टाइपएरर, इंडेक्सएरर वगैरे) आणि उजवीकडे नेमकी तक्रार. ती वाचून झाली की एकेक पायरी वर चढायचं आणि आपल्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबायचं. मधल्या पायऱ्या लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, असतात. त्या नुसत्या ओलांडायच्या, उघडायच्या नाहीत.

एका मुलीच्या प्रोजेक्टमध्ये हे फार छान दिसलं. तिने नोटपॅडमध्ये जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं एकाखाली एक लिहून फाइल सेव्ह केली होती. पहिलं नाव अक्कलकोट. विंडोजवर प्रोग्राम चालवला आणि तळाला आलं: युनिकोडडिकोडएरर, चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट ८डी इन पोझिशन ८. त्याच्या लगेच वर सीपी१२५२ नावाच्या फाइलचा ओळ क्रमांक होता. तिने ती फाइल उघडली, आतला भलामोठा तक्ता पाहिला आणि पायथॉनच बिघडलं असं ठरवून टाकलं. पण ती फाइल पायथॉनच्या पोटातली आहे, तिला हात लावायचं कारण नाही. थोडं वर तिच्या स्वतःच्या फाइलचं नाव होतं आणि ती ओळ होती, जिथे तालुक्यांची फाइल वाचायला घेतली होती. काम तिथेच होतं.

आता तो ८ कुठून आला ते बघा, कारण मेसेजमधला एकही आकडा उगाच नसतो. आजचं नोटपॅड फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटच्या आकड्यांत लिहिण्याच्या एका पद्धतीत, सेव्ह करतं. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि मोजणी शून्यापासून होते. ‘अ’चे बाइट ०, १, २. ‘क’चे ३, ४, ५. मग पाय मोडण्याचं चिन्ह, ६, ७, ८. त्याचा तिसरा बाइट ८डी (आकडाच, फक्त सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिलेला, म्हणून त्यात अक्षर). इकडे पायथॉनला फाइल कुठल्या पद्धतीची हे सांगितलेलंच नव्हतं, म्हणून त्याने कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारा विंडोजचा जुना १२५२ नंबरचा तक्ता लावला. त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मेसेज अक्षरशः एवढंच म्हणत होता की आठव्या जागी ८डी आहे आणि माझ्या तक्त्यात तिथे काही नाही.

शेजारचा मुलगा म्हणाला, ‘ताई, अक्कलकोट काढून टाकलं तर चालतंय की!’ काढलं. मग बार्शीवर अडलं, तिथेही जोडाक्षर. बार्शी काढलं, दक्षिण सोलापूर काढलं, उत्तर सोलापूरही काढलं. शेवटी पंढरपूर, मोहोळ, माढा, सांगोला असे उरले आणि प्रोग्राम विनातक्रार चालला. पडद्यावर मात्र मराठीचा पत्ता नव्हता. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले रोमन ए आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्ह, अशी रांग लागली होती. या नावांतला एकही बाइट त्या पाच रिकाम्या जागांत पडत नाही, म्हणून तक्रार झाली नाही, इतकंच. गंमत म्हणजे ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आहे आणि दीर्घ ऊकाराचा ८२. पंढरपूर शुद्ध लिहिलं तर निसटतं, ‘पु’ ऱ्हस्व काढला तर तिथेच अडकतं. शुद्धलेखनाचा असा हिशेब आमच्या मराठीच्या बाईंनीही कधी केला नसेल.

मला विचाराल तर अक्कलकोटवर अडकणं हेच नशीब. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या मुलांच्या घरात यंत्रमाग आहेत त्यांना हे समजावत बसावं लागत नाही. आडवा धागा तुटल्यावर माग थांबला तर थोडा वेळच जातो. न थांबता विणत राहिला तर खोट कापडात जाते आणि ती दिसते गिऱ्हाइकाला. इलाज एका ओळीचा होता. फाइल उघडणाऱ्या ओपनच्या कंसात एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ लिहायचं, की सगळे तालुके नीट येतात. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे तोच कोड मित्राच्या मशीनवर न बदलता चालतो आणि तुमच्या मशीनवर पडतो. अशा वेळी भांडण कोडवरून होतं, फरक असतो दोन मशीनमध्ये.

पायथॉनची कुठली आवृत्ती आहे तेही बघत जा. कंस उघडा राहिला तर जुन्या आवृत्त्या बऱ्याचदा पुढच्या निर्दोष ओळीवर बोट ठेवून नुसतं इनव्हॅलिड सिंटॅक्स म्हणत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून अमुक कंस बंदच केला नाही असं स्पष्ट सांगतात. ३.११ मध्ये ओळीतला नेमका कुठला भाग बिघडला त्याच्याखाली खुणा येऊ लागल्या. कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही की तिच्या वरची ओळ तपासायची. आणि आपल्या फाइलला रँडम असं नाव देऊ नका. मग इंपोर्ट रँडम लिहिलं की पायथॉन तुमचीच फाइल उचलतो आणि रँडिंट नाही म्हणून ओरडतो. ३.१३ मध्ये नाव बदलून बघा असा सल्ला मेसेजच देतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत मेसेज सर्क्युलर इंपोर्टचा संशय घेतो आणि नवखा माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

सीमध्ये दिशा उलटी. तिथे कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, फाइल वरून खाली वाचत जातो. एक महिरपी कंस किंवा अर्धविराम राहिला की पुढचं सगळं त्याला वाकडं दिसतं. म्हणून यादी कितीही लांब असली तरी फक्त पहिली एरर दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. खालच्या बऱ्याचशा आपोआप जातात. यादीच्या तळापासून सुरुवात केली तर नसलेल्या चुका दुरुस्त होतात.

टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकलेल्यांना लिनक्सवर जीसीसी या आजच्या कंपायलरकडे आल्या आल्या हमखास भेटते ती म्हणजे कोनिओ हेडर फाइल सापडत नाही ही फेटल एरर. इन्स्टॉलेशन चुकलेलं नसतं. ती फाइल सीच्या प्रमाणित लायब्ररीत कधीच नव्हती, डॉसच्या जमान्यातल्या कंपायलरांबरोबर येत असे. टर्बो सी १९८७ चं आहे. कोनिओच्या इन्क्लूडची ओळ आणि गेटसीएच व स्क्रीन पुसणाऱ्या ओळी काढल्या की प्रश्न मिटतो.

वॉर्निंगबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. ‘ताई, वॉर्निंगच आहे, चालतंय’ हे वाक्य मी चालू देत नाही. कीबोर्डवरून किंमत वाचणाऱ्या स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं अँपरसँड राहिलं आणि वॉर्निंग चालू असतील, तर जीसीसी सांगतो: पर्सेंट डीला इंटचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) हवा होता, तुम्ही इंट दिलाय. ओळ क्रमांकासकट. तिकडे काणाडोळा करून प्रोग्राम चालवला, आकडा टाकून एंटर दाबलं, की बहुतेक वेळा येतं सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे भलत्या मेमरीला हात लावून प्रोग्राम पडला. त्यात ओळ नाही, व्हेरिएबलचं नाव नाही, काही नाही. ज्याने पत्त्यासकट सांगितलं त्याचं ऐकलं नाही आणि आता मुक्या मेसेजकडे बघत बसायचं. इफच्या कंसात दोन बरोबरच्या जागी एकच लिहिलं तरी तसंच. नियमाने कोड बरोबर असतो, कंपाइल होतो, फक्त अट तपासण्याऐवजी किंमत बदलून ठेवतो.

म्हणून कंपाइल करताना वजाचं चिन्ह, कॅपिटल डब्ल्यू आणि त्याला चिकटून ऑल, हे लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. नाव ऑल असलं तरी त्यात सगळ्या वॉर्निंग येत नाहीत, एक्स्ट्रा वेगळं लावावं लागतं. सुरुवातीला ऑल पुरे. कालची वॉर्निंग आजची एरर होते, हेही खरंच घडलंय. हेडर न जोडता फंक्शन वापरलं तर जीसीसी वर्षानुवर्षं इम्प्लिसिट डिक्लेरेशनची (या फंक्शनची ओळख आधी करून दिलेली नाही, अशी) वॉर्निंग देऊन पुढे जाऊ देत होता, जरी ती सवलत सीच्या १९९९ च्या प्रमाणातून काढलेली होती. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने तिची थेट एरर केली. सीनिअरकडून आलेल्या जर्नलमधले प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर अडले, तर आधी वरच्या इन्क्लूडच्या ओळी तपासा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते, पण एरर मेसेजची इंग्रजी फार थोडी आहे. एक्स्पेक्टेड, अनडिफाइंड, मिसिंग, आउट ऑफ रेंज असे तेच ते शब्द फिरून येतात. एक वही करा. डावीकडे मेसेज जसाच्या तसा, उजवीकडे कारण काय निघालं ते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जे ही वही ठेवतात ते एका सेमिस्टरमध्ये मला विचारायचे थांबतात. मेसेज एआयला विचारायलाही माझी हरकत नाही. फक्त तळाची ओळ आणि आपल्या फाइलचा ओळ क्रमांक आधी स्वतः शोधा. नाहीतर त्याचं उत्तर बरोबर आहे की ठोकून दिलंय, हे कळणार कसं?

आणि कुणाला विचारताना मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढून पाठवू नका. त्यात हटकून तळाची ओळच कापलेली असते. मेसेज पूर्ण कॉपी करून पाठवा, सोबत पायथॉनची किंवा जीसीसीची आवृत्ती, विंडोज की लिनक्स, आणि काय व्हायला हवं होतं ते एका वाक्यात. कंपनीतही सीनिअर याच चार गोष्टी विचारतो, आणि त्या आधीच दिल्या असतील तर उत्तर बहुधा जेवणाच्या सुट्टीआधी येतं.