सॉफ्टवेअरचं वर्कशॉप भरवताय? आधी या चुका टाळा

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात आम्ही पहिलं वर्कशॉप घेतलं, तेव्हा पस्तीस जण आले होते. दहाला सुरुवात करायची होती. साडेअकरा वाजले तरी निम्म्या लॅपटॉपवर डॉकरची इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) उतरायची होती आणि मागच्या रांगेत एकामागून एक ‘टू मेनी रिक्वेस्ट्स’चा संदेश यायला लागला. नेट पडलं असं समजून आम्ही राउटर दोनदा बंद-चालू केला. नेट व्यवस्थित होतं. या इमेज जिथून उतरतात त्या डॉकर हबने लॉगिन न करता इमेज घेणाऱ्यांवर २०२० च्या नोव्हेंबरपासून मर्यादा घातली आहे आणि ती आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून मोजली जाते. एका राउटरमागे पस्तीस लॅपटॉप असले तरी हबच्या हिशेबी तो एकच माणूस.

तेव्हापासून लागणाऱ्या इमेज आम्ही आदल्या दिवशीच ‘डॉकर सेव्ह’ करून चार पेनड्राइव्हवर घेतो आणि सभागृहात ‘डॉकर लोड’ करतो. इमेज दोन्ही प्रकारच्या प्रोसेसरसाठी ठेवा. इंटेलसाठी बांधलेली इमेज ॲपलच्या एम१ किंवा नंतरच्या चिपच्या मॅकवर रखडत चालते, कधी चालतच नाही. विंडोज लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर डॉकर सुरूच होत नाही, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर ते चालू करण्याची परवानगी बहुतेकांना नसते. हे वर्कशॉपच्या सकाळी कळून उपयोग नाही. चार दिवस आधी डॉकर चालतो का ते दाखवणारी एकच कमांड सगळ्यांना पाठवा, तिचं आउटपुट ग्रुपवर टाकायला सांगा आणि ज्यांचं आलं नाही त्यांना फोन करा. आणि स्वतःला विचारा, या विषयाला डॉकर खरंच लागतो का? टेस्ट, म्हणजे आपला कोड तपासणारा कोड, लिहायला शिकवायचं असेल तर एक भाषा आणि एक एडिटर पुरे.

दुसरी चूक जास्त खोल आहे आणि ती पटकन दिसत नाही. पेअर प्रोग्रामिंग म्हणून आपण दोघांना एका लॅपटॉपपुढे बसवतो. एक असतो अंबडच्या कंपनीतला बारा वर्षं काम केलेला माणूस आणि दुसरी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. पाच मिनिटांत कीबोर्ड सरांकडे जातो आणि ती ‘हो सर’ म्हणत बघत राहते. दोघांचाही हेतू चांगलाच असतो. तिला वाटतं मध्ये बोलणं उद्धटपणाचं होईल, त्यांना वाटतं आपण शिकवतोय. पण त्या जोडीत दोन डोकी कामाला लागलेली नसतात.

‘मोकळेपणाने बोला’ असं सांगून हे सुटत नाही, त्याला नियमच लागतो. लुएलिन फाल्को या प्रोग्रामरच्या पेअरिंगच्या पद्धतीतला नियम असा, की माझ्या डोक्यातली कल्पना कॉम्प्युटरमध्ये जायची असेल तर ती दुसऱ्याच्या हातून गेली पाहिजे. म्हणजे ज्याला सुचलं त्याने बोलायचं, टाइप दुसऱ्याने करायचं. जास्त अनुभव असलेल्याकडून कीबोर्ड काढून घ्या. ‘इथे फंक्शन वेगळं कर’ म्हटल्यावर समोरची विचारते, ‘सर, का?’, आणि त्या ‘का’चं उत्तर देताना अनुभवी माणसालाही बरंच नव्याने सुचतं. फोनवर सात मिनिटांचा टायमर लावा आणि तो वाजला की भूमिका बदला.

जोडीनेच सराव करायची कोड रिट्रीट ही पद्धत २००९ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथे दिवसभर एकच कोडं घेतात, बहुधा गणितज्ञ कॉन्वे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’, म्हणजे चौकटींतल्या पेशी ठरलेल्या नियमांनी जगतात-मरतात तो खेळ. पंचेचाळीस मिनिटांचा एक डाव, तो संपला की जोडीदार बदलायचा आणि लिहिलेला सगळा कोड पुसायचा. पुसायची वेळ आली की आपल्याकडे कुणी ना कुणी ‘जरा थांबा, होतच आलंय’ म्हणतं. थांबू नका. कोड राहणार नाही हे ठाऊक असलं की माणूस पूर्ण करण्याच्या मागे लागत नाही, नीट लिहिण्याच्या मागे लागतो.

भाषेबद्दलही लिहायलाच हवं. सूत्रसंचालन इंग्रजीत केलं की प्रश्न विचारणारे तेच चार जण असतात. सिन्नर, निफाड, येवल्याहून येणाऱ्या मुलांना विषय कळतो, फक्त वाक्य जुळवेपर्यंत प्रश्न मागे पडतो. ब्रँच, मर्ज, रिफॅक्टर हे शब्द तसेच राहू द्या, बाकी सगळं मराठीत बोला.

नव्या विषयांची गर्दी करू नका. एका दिवसात कंटेनर, क्लाउड, मायक्रोसर्व्हिस आणि एआय घेतलं, तर संध्याकाळी हातात फक्त स्लाइड्स उरतात. सध्या सगळ्यांना कोड लिहून देणारा एआय असिस्टंट हवा असतो आणि बहुतेक ठिकाणी एक जण पडद्यावर करून दाखवतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. त्यापेक्षा सकाळी ‘गिल्डेड रोज’सारखा सरावासाठीचा जुना, गुंतागुंतीचा कोड हाताने सुधारायला द्या. दुपारी तोच कोड असिस्टंट घेऊन, पण बदल करण्याआधी टेस्ट लिहायची सक्ती ठेवून. मग प्रत्येक जोडीने दुसऱ्या जोडीचा कोड तपासायचा. असिस्टंटने सुचवलेलं पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, खरंच अस्तित्वात आहे का, हेही बघायला लावा. ही साधनं कधी कधी नसलेल्या पॅकेजचं नाव सुचवतात आणि त्याच नावाने कुणी घातक कोड टाकून ठेवला तर तो थेट आपल्या प्रोजेक्टमध्ये येतो.

माझा सर्वांत जास्त जीव इव्हेंट स्टॉर्मिंगमध्ये अडकला आहे. सॉफ्टवेअर लिहिण्याआधी धंदा समजून घ्यायची अल्बर्टो ब्रांडोलिनी यांची ही पद्धत. भिंतीवर लांब कागद लावायचा आणि धंद्यात काय काय घडतं ते नारिंगी चिठ्ठ्यांवर भूतकाळात लिहून क्रमाने चिकटवायचं. इथली नेहमीची चूक म्हणजे खोलीत फक्त प्रोग्रामर असणं. आम्ही द्राक्ष निर्यातीचा विषय घेतला होता. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग ठेवणारी अपेडाची (शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेची) ग्रेपनेट प्रणाली २००६ पासून आहे, तेव्हा विषय सगळ्यांच्या कानावरचा. चिठ्ठ्या भराभर लागल्या : शेतकऱ्याची नोंदणी झाली, औषधाचा अंश तपासायला नमुना घेतला, अहवाल आला, माल पॅकहाऊसला गेला. सगळं शेतकऱ्याच्या नावाला जोडलेलं.

दिंडोरीचे एक बागायतदार अण्णा आम्ही मुद्दाम बोलावले होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “माझे चार प्लॉट आहेत. गोडी छाटणी चौघांची वेगळ्या दिवशी. एकाचा नमुना अंश जास्त म्हणून बाद झाला, तर बाकी तिघांचं काय करता तुम्ही?” आमच्या मांडणीत चारही प्लॉटचा माल अडकत होता. ओळख शेतकऱ्याला नाही, प्लॉटला द्यायला हवी होती. अर्धी भिंत काढून पुन्हा लावली. हीच चूक डेटाबेसमध्ये गेली असती, तर ऐन हंगामात, कंटेनर भरायच्या दिवशी समोर आली असती. म्हणून त्या धंद्यातला एक तरी माणूस बोलवा, त्यांना पहिल्या रांगेत नाही, भिंतीपाशी उभं करा आणि मार्कर त्यांच्या हातात द्या.

बारीक गोष्ट, पण दिवस वाया घालवते : डिस्टेंपरच्या भिंतीवर चिठ्ठ्या टिकत नाहीत आणि पंखा लावला की उडतात. खाकी कागदाचा रोल आणा, रुंद सेलोटेपने ताणून लावा, पंखे एकावर ठेवा.

शेवटचा अर्धा तास प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटोत घालवू नका. प्रत्येकाला एकच ओळ लिहायला सांगा : सोमवारी कामावर किंवा कॉलेजात मी कुठल्या फाइलमध्ये काय बदलणार. फाइलचं नाव हवंच. ‘टेस्ट लिहीन’ असं कुणी लिहिलं तर चिठ्ठी परत द्या आणि कशाची ते विचारा. सगळ्या चिठ्ठ्यांचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या महिन्याची तारीख तिथेच ठरवा. त्या दिवशी पहिली वीस मिनिटं याच चिठ्ठ्या वाचायच्या, कुणाचं झालं आणि कुणाचं कशामुळे राहिलं.