एग्झॉस्ट ब्रेक लागत नाही? सोलेनॉइड बदलायच्या आधी वायरिंग तपासा

एग्झॉस्ट ब्रेक, म्हणजे एग्झॉस्ट पाइपमधला फ्लॅप बंद करून गाडीचा वेग कमी करणारा ब्रेक, बंद पडला की पहिला बळी सोलेनॉइडचा, म्हणजे करंट मिळाल्यावर हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, जातो. मीपण एका गाडीला दोन सोलेनॉइड टाकले, तिसरा हातात घेतला तेव्हा कुठं ट्यूब पेटली. कनेक्टर काढून मीटर लावला की २४ व्होल्ट मस्त दाखवायचा, आणि कनेक्टर परत बसवला की सोलेनॉइड ढिम्म. पिनवर हिरवा गंज होता, एवढंच. दोन नवे सोलेनॉइड फुकट गेले आणि गाडीवाल्यासमोर तोंड लपवायची वेळ आली ती वेगळीच.

साध्या वायरिंगची गाडी असेल तर करंटचा रस्ता असा धरून चाला: फ्यूज, डॅशवरचा स्विच, अ‍ॅक्सिलरेटरचा स्विच, क्लचचा स्विच, बऱ्याच गाड्यांत मधे एक रिले (करंटनं चालणारा स्विच), मग सोलेनॉइड आणि तिथून अर्थ. दोन्ही पेडलवरून पाय काढलेला असेल तेव्हाच सर्किट पूर्ण होतं, सोलेनॉइड हवा सोडतो, सिलेंडर फ्लॅप बंद करतो. गाडीगणिक क्रम मागंपुढं असतो म्हणून त्या मॉडेलचा डायग्राम मिळाला तर आधी तो बघा.

हात घालायच्या आधी चाकांना ओट (ठोकळे) लावा, हँडब्रेक ओढा आणि एग्झॉस्ट पाइप गार होऊ द्या, फ्लॅपमध्ये बोट तर कधीच घालू नका कारण हवा भरलेली असते आणि तो सांगून बंद होत नाही.

आता पहिला प्रश्न, दोष इलेक्ट्रिकचा आहे की हवेचा. टाकीत हवा भरलेली ठेवून इंजिन बंद, इग्निशन ऑन, एग्झॉस्ट ब्रेकचा स्विच ऑन, पेडलवर पाय नाही. एकाला केबिनमध्ये बसवून क्लच दाबायला-सोडायला लावा आणि तुम्ही खाली सोलेनॉइडवर बोट ठेवा. क्लच सोडल्यावर टिक असा ठोका बोटाला लागला तर करंट येतोय, मग हवेची लाइन, सिलेंडर नाहीतर कार्बन धरून जाम झालेला फ्लॅप बघा, वायरिंग सोडून द्या. डॅशवरचा दिवा लागतो म्हणजे ब्रेक लागतो असं मात्र समजू नका, काही गाड्यांत दिवा फक्त स्विचपर्यंत करंट आल्याचं सांगतो, पुढं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

ठोका नाही आला तर फ्यूज. नुसता डोळ्यांनी बघू नका, दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावून बघा. फ्यूज चांगला असेल तर थेट सोलेनॉइडच्या कनेक्टरवर जा, आणि खरी गोम इथंच आहे, कनेक्टर जोडलेला ठेवूनच मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवून व्होल्टेज मोजा.

का ते सांगतो. समजा सोलेनॉइडची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, १२ वॅटची आहे, २४ व्होल्टला ती अर्धा अँपिअर घेते, म्हणजे रेझिस्टन्स ४८ ओहम. गंजलेल्या जोडात ४० ओहम अडकलेत असं धरा. कनेक्टर काढून मोजलं तर करंट जवळजवळ वाहतच नाही, म्हणून मीटर पूर्ण २४ दाखवणार. जोडून मोजलं की कॉइलच्या वाट्याला जेमतेम १३ व्होल्ट येतात, मग आतला प्लंजर (सरकणारा दांडा) ओढणार कसा? मीटर खोटं बोलत नाही हो, आपणच त्याला चुकीचा प्रश्न विचारतो.

कॉइलवर व्होल्टेज कमी आलं तर आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं सोलेनॉइडच्या अर्थच्या पिनवर. सर्किट चालू असताना इथं अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब, बोल्ट काढून पत्रा घासा आणि परत आवळा. अर्थ चांगला निघाला तर खोट पुरवठ्याच्या बाजूला, मग सोलेनॉइडकडून मागं मागं एकेक जोड तपासत या, ज्या जोडाच्या फ्यूजकडच्या बाजूला पूर्ण व्होल्टेज आणि सोलेनॉइडकडच्या बाजूला कमी तिथं चोर सापडला.

क्लच स्विचवर माझा पहिला संशय असतो, खास करून क्लचचं काम नुकतंच झालं असेल तर. पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) बदलतो, स्विचची पिन पूर्ण दाबली जात नाही नाहीतर दाबलेलीच राहते. स्विचचा कनेक्टर काढून कंटिन्युइटीवर (रस्ता जोडलेला असला की वाजतो त्या सेटिंगवर) मीटर लावा, पेडल दाबताना-सोडताना आवाज स्वच्छ बदलला पाहिजे, मधेच तुटक वाजला तर स्विच गेला.

गार असताना चालतो आणि तापला की बंद, असली तक्रार असेल तर कॉइल गरम असतानाच मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतोच, १०० अंश वाढले तर साधारण ४० टक्के, म्हणजे ४८ चे ६७ झाले तर घाबरू नका. पण मीटर एकदम ओपन दाखवायला लागला तर कॉइलची तार आतून तुटलीये, अशा वेळी खुशाल सोलेनॉइड बदला.

उलटा प्रकार, म्हणजे फ्लॅप उघडतच नाही, गाडीला पिकअप नाही आणि काळा धूर. सोलेनॉइडचा कनेक्टर उपसा. फ्लॅप उघडला तर रिलेचे पॉइंट चिकटलेत, नाहीतर एखादा स्विच अडकलाय, नाहीतर दुसऱ्या वायरचा करंट त्यात शिरतोय. नाही उघडला तर दोष वायरिंगमध्ये नाहीच.

फ्यूज सारखा उडत असेल तर त्याच्या जागी २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावा आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) हातानं हलवत जा. बल्ब पूर्ण पेटलेला असेल तर शॉर्ट आहे, हलवताना मंद झाला तर हात जिथं आहे तिथंच बघा, बहुतेक पाइपजवळ वायरचं इन्सुलेशन वितळलेलं सापडतं. नवा सोलेनॉइड टाकल्याबरोबर फ्यूज उडाला तर वायरी उलट्या लागल्यात का बघा, काही कॉइलमध्ये डायोड असतो आणि उलट जोडला की तो सरळ शॉर्ट होतो.

ईसीयूवाल्या, म्हणजे इंजिन कंप्युटरवर चालणाऱ्या, गाडीत मात्र हा टेस्ट लॅम्पचा खेळ नको, ईसीयूचं आउटपुट जळू शकतं. तिथं इंजिनचे आरपीएम (फेरे) कमी असले की बहुतेक ब्रेक लागतच नाही, म्हणून उभ्या गाडीत ठोका नाही आला तरी त्यावरून काही ठरत नाही. स्कॅनर लावा, क्लच आणि पेडलची लाइव्ह व्हॅल्यू बदलते का बघा, अ‍ॅक्च्युएटर टेस्ट असेल तर त्यातून सोलेनॉइड वाजवून बघा, वाजला तर ईसीयूला कुठला तरी सिग्नल चुकीचा मिळतोय, नाही वाजला तर पुन्हा मीटर घेऊन त्याच कनेक्टरपाशी, अर्थात जोडलेला ठेवूनच.