मृत्युपत्रातला ‘रामा’ नेमका कोण?

जुनं मृत्युपत्र हाती लागतं. त्यात ‘रामा बिन गोविंदा’ला विहिरीकडचं वावर दिलेलं असतं आणि घरात रामा नावाचं कुणी ऐकिवात नसतं. फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, रामचंद्र गोविंद दिसतो, म्हातारी माणसं रामभाऊंची आठवण काढतात. ही तीन माणसं की एकच? हा गुंता सोडवायची माझी पद्धत सांगतो.

आधी नावं जशीच्या तशी उतरवा. ‘रामा’चं ‘रामचंद्र’ करायचा मोह आवरा. वहीत एकेका कागदाची एकेक ओळ घ्या: कागद कोणता, तारीख काय, नाव कसं लिहिलंय, सोबत नातं काय दिलंय. शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुनअखेरची तारीख असेल तर ७९. कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, अंदाजाने वाचू नका.

मग नावांना जोडणारे शब्द वाचा. ‘बिन’ आणि ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या मुलाचा पालक. तिथे नाव दिसलं म्हणून तो माणूस वारस ठरत नाही, तो पोराच्या वतीने सही करणारा काका किंवा मामाही असू शकतो. मी स्वतः अशा एका मामाला बरेच दिवस वंशावळीत भाऊ म्हणून बसवलं होतं.

आडनावावर फार विसंबू नका. कुलकर्णी, देशमुख ही वतनं. एका शाखेने वतनाचं नाव लावलं, दुसरीने गावावरून ‘-कर’ घेतलं, असं सर्रास होतं. मुंबईचे नाना शंकरशेट घ्या: नाव जगन्नाथ, आडनाव मुरकुटे, आणि ओळख राहिली ती वडिलांच्या नावाने.

बायकांची दोन नावं धरूनच चाला. माहेरची सोनू सासरी यमुनाबाई होते. म्हणून ‘यमुनाबाई कोम गोविंदा’ दिसली की नवऱ्याचं नाव पक्कं धरा, तिचं सैल ठेवा. गोविंदाने दुसरं लग्न केलं असेल तर मुलांच्या जन्मतारखा तपासा. आणि १९५६ पूर्वीच्या वारस नोंदीत मुली दिसल्या नाहीत म्हणून मुली नव्हत्याच असं समजू नका. मुलगे असले की बहुतेकदा मुलींची नोंदच होत नसे.

सगळ्यात मोठी फसगत दत्तकाची. दत्तक गेलेल्या मुलाचं बापाचं नाव बदलतं, बहुधा आडनावही, कधी स्वतःचं नावसुद्धा. ताई महाराज प्रकरण आठवा. १८९७ मध्ये वारलेले वासुदेव हरिहर पंडित म्हणजेच बाबा महाराज. त्यांच्या मृत्युपत्राच्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते. त्यांच्या विधवा सकवारबाई म्हणजेच ताई महाराज. दत्तक जगन्नाथ यांच्यावरून सुरू झालेला वाद १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयात, संपला. यात ‘ऊर्फ’ न पाहता नुसतं ‘बाबा महाराज’ शोधत बसलात तर निम्मे कागद निसटतील. गंमत म्हणजे टिळकांचंही नाव केशव, ‘बाळ’ हे घरचं. एखादा चुलता एकाएकी कागदांतून गायब झाला तर आधी दत्तकपत्र शोधा, मग मृत्यूची नोंद.

शेवटी जमिनीला विचारा. नाव बदलतं, बांध सहसा बदलत नाही. मृत्युपत्रातला सर्व्हे नंबर आणि चतु:सीमा घ्या आणि त्या जमिनीचे फेरफार एकामागून एक मागे वाचत जा. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झालेत, तेव्हा जुना-नवा नंबर दाखवणारा उतारा आधी मिळवा. फेरफार मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीही होतो, त्यामुळे त्याची तारीख मृत्यूची समजू नका.

बाप, बायको आणि जमीन, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तर पेन्सिलीने ‘बहुधा एकच’ लिहा. तिन्ही जुळल्या तर शाईने. नुसतं नाव जुळणं पुरत नाही, कारण नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. एकाच घरात गोविंदा रामा आणि रामा गोविंदा आलटून पालटून येतात.

भाऊबंदांकडे जाल तेव्हा ‘रामा कोण?’ विचारू नका. विहिरीकडचं वावर कोण कसायचं, ते विचारा.