बिनघडीची सुरी घेताना आधी मूठ तपासा

कॅम्पिंगच्या कामाला ९ ते ११ सेंटिमीटर लांब आणि २.५ ते ३ मिलिमीटर जाड पातं पुरतं. हातभर लांब, दातेरी पाठीची सुरी दिसते झकास, पण तंबूची खुंटी तासायला घेतली की मनगट भरून येतं.

खरी गोम मुठीत असते. पात्याची मुठीत शिरणारी पट्टी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली असावी. हलक्या प्रतीच्या सुऱ्यांत ती दोन बोटं आत जाऊन संपते आणि पाठीवर ठोकून लाकूड फोडताना नेमकी तिथेच तुटते. मोराकनिव्ह कंपॅनियन या स्वीडिश सुरीची पट्टीही पूर्ण लांबीची नाही. तासकामाला ती उत्तम, मनगटाएवढी फांदी मात्र तिने फोडू नये.

कार्बन स्टील दगडावर पटकन धार घेतं, पण ओलंच म्यानात ठेवलं तर रात्रीत डाग धरतं. पुसून तेलाचा हात फिरवायचा कंटाळा असेल तर सरळ स्टेनलेस घ्या. पात्याची पाठ काटकोनी हवी. कडा गोल असतील तर फेरो रॉडवर (आग पेटवायला घासून ठिणग्या पाडायची सळई) धड ठिणग्या पडत नाहीत. कानशीने त्या सरळ करता येतात.

म्यान पायांपासून लांब, उलटं धरून झटका द्या. सुरी सटकली तर दुसरी बघा.