क्षयरोगाचे निदान आणि उपचार: बेडक्याच्या नमुन्यापासून पुढे

दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकलेला खोकला, संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्री येणारा घाम, घटणारे वजन किंवा बेडक्यातून पडणारे रक्त, यांपैकी काहीही आढळल्यास छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी या दोन्ही गोष्टी कराव्यात. एक्स-रेवरून संशय बळावतो, परंतु जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालेल, हे त्यातून कळत नाही. म्हणून नमुना मिळण्यासारखा असताना निव्वळ एक्स-रेच्या आधारे गोळ्या सुरू करू नयेत. तपासणीपूर्वी लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके घेतल्यास जंतू तात्पुरते दबतात आणि निदान लांबते. क्षयासाठी रक्तातील प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचण्यांवर भारतात 2012 पासून बंदी आहे, तेव्हा त्यांवर पैसे घालवू नयेत.

निदान चुकते ते बहुधा नमुन्यापाशीच. तोंडातील लाळ उपयोगाची नाही. छातीतून खोकून आलेला घट्ट बेडका हवा. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि मग जोराने खोकून बेडका थेट डबीत घ्यावा. दोन नमुने द्यावेत, त्यांपैकी एक पहाटेचा असावा. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. त्यांच्या जठरातील द्राव तपासतात. गाठीच्या क्षयात सुईने काढलेला द्राव किंवा गाठीचा तुकडा तपासावा लागतो, आणि तो सगळाच फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवण्याच्या रसायनात) बुडवला तर त्यातून जंतू वाढवता येत नाहीत, हे शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पहिली तपासणी सीबीनॅट किंवा गोव्यातील कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचण्यांपैकी असावी. जंतू आहे का आणि त्याला रिफॅम्पिसिन लागू पडेल का, हे दोन्ही त्यातून काही तासांत समजते. रिफॅम्पिसिन लागू पडत असेल तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दोन महिने, आणि पुढे पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे चार महिने, वजनानुसार दररोज दिली जातात. लागू पडत नसेल तर उपचार पूर्णपणे वेगळे असतात. एचआयव्ही आणि मधुमेहाची तपासणीही याच वेळी उरकावी.

लघवी नारिंगी होणे हा रिफॅम्पिसिनचा निरुपद्रवी परिणाम आहे. मात्र सतत उलट्या होऊ लागल्या, डोळे पिवळे झाले, नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईना, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, ही बाब रुग्णाला अनेकदा कोणी सांगतच नाही. उपचारांची प्रगती पाहण्यासाठी सीबीनॅट पुन्हा करू नये, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्यात दिसतो. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि कल्चर, म्हणजे नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, योग्य ठरते. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत नाव असलेल्या रुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये झाली आहे. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांनीही ती मागून घ्यावी.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात, पण सीबीनॅटमध्ये क्षयाचा जंतू सापडत नाही, अशा वेळी क्षयाच्याच कुळातील, परंतु क्षय न करणाऱ्या जंतूंचा विचार करावा. ते माती-पाण्यात सर्वत्र असल्याने बेडक्यात एकदाच सापडले म्हणून रोग ठरत नाही. लक्षणे, सीटी स्कॅन आणि किमान दोन वेगवेगळ्या नमुन्यांचे कल्चर यांचा मेळ बसावा लागतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी टाक्यांच्या जागी गाठ येऊन पाणी झिरपू लागले, आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी ते थांबले नाही, तर हा संशय पहिल्यांदा घ्यावा. या जंतूंपैकी मायकोबॅक्टेरियम अॅब्सेसस क्षयाच्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, म्हणून प्रजाती ओळखून औषधसंवेदनशीलता तपासल्यावाचून उपचार ठरवू नयेत. फुप्फुसात असा संसर्ग असेल, तर कल्चर निर्जंतुक झाल्यानंतरही साधारण वर्षभर औषधे घ्यावी लागतात.