सिम्युलेटरमध्ये जुनं ‘पुष्पक’ बनवताय? या चुका टाळा

सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या विमान उडवण्याच्या खेळात, माझं पुष्पक विमान जळगावच्या धावपट्टीवर लोड झालं आणि बघतो तर चाकं पार डांबरात गाडलेली. ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं जागच्या जागी होतं. दोन रात्री मी मॉडेलच उसवत बसलो, पण चूक तिथे नव्हतीच. ब्लेंडरमधले माझे आकडे मीटरमध्ये होते आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची फाइल फूट मागते. चाकाच्या जागी 1.2 तसंच टाकलं होतं, तिथे जवळपास 4 हवं होतं. पुष्पकचे पंख टोकापासून टोकापर्यंत 36 फूट, म्हणजे 11 मीटर. फाइलमध्ये पंखांच्या रकान्यात 11 दिसलं की आधी एकक दुरुस्त करा, बाकीचं नंतर. वजनही पौंडांत लागतं.

बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बांधलेलं हे दोन आसनी विमान 1958 साली पहिल्यांदा उडालं. पंख वर, अंगावर कापड, 90 अश्वशक्तीचं इंजिन आणि शेपटाखाली छोटंसं चाक. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत कित्येक वैमानिक यावर शिकले. म्हणून ते सिम्युलेटरमध्येही खरंखुरं उतरावं, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो त्या शेपटाच्या चाकामुळे. अशा विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू, पुढच्या दोन चाकांच्या मागे असतो. धावताना शेपूट जरा बाजूला सरकलं की मागचं वजन त्याला आणखी रेटतं आणि विमान गर्रकन फिरतं. हे टाळायला बरेच जण गुरुत्वमध्य पुढे ओढतात. मग ब्रेक दाबला की नाक थेट जमिनीला. असं करू नका. गुरुत्वमध्य जागेवर ठेवा आणि रडरवर, म्हणजे शेपटावरच्या पायाने हलवायच्या सुकाणूवर, पाय बसवा. विमान लोड होताच टुणकन उडी मारत असेल, तर उभं असतानाचा कोन आणि गुरुत्वमध्याची उंची हे दोन आकडे तपासा.

वळताना नाक आधी उलट्या बाजूला जातं, तेही ‘दुरुस्त’ करू नका. ही जुन्या विमानाची खोड आहे, ती काढली की पुष्पक उरतच नाही.

मॉडेलवर कापड रंगवताना पंखाच्या फासळ्या, म्हणजे कापडाखालच्या पट्ट्या, लोक बरगड्यांसारख्या उठवतात. डोप, म्हणजे कापडावरचा लेप, चढवल्यावर कापड आक्रसून ताठ होतं आणि दोन फासळ्यांमध्ये अगदी हलकं आत बसतं. बाजेच्या चौकटीवर ओली चादर ताणून बांधा, वाळली की बोटाने दाबून बघा. चौकटीच्या दोन दांड्यांमध्ये दिसतो तेवढाच खळगा पुरे. उन्हात तिरपी सावली पडली तरच तो दिसायला हवा.

शेवटची तक्रार हमखास मे महिन्यात येते: “विमान चढतच नाही.” चाचणी 15 अंशांवर केलेली असते आणि उड्डाण जळगावच्या 44 अंशांत. विमानतळाची उंची साडेआठशे फुटांच्या आसपास, पण त्या तापलेल्या विरळ हवेत इंजिनाला आणि पंखांना ती साडेचार हजार फुटांसारखी वाटते. फाइलमध्ये अश्वशक्ती वाढवू नका. हवामानात पहाटेचे 26 अंश टाका, तेवढंच इंधन ठेवा आणि तेच विमान पुन्हा उडवा. चढण सुधारली, तर तुमचे आकडे बरोबर आहेत. तशीच रखडली, तर रिकामं वजन पुन्हा तपासा.