हॉलिवूडचे दोन काळ ताडून पाहायचे तर मोजून पाहा

‘जुना सिनेमा संथ, नवा वेगवान’ हे वाक्य फिल्म क्लबच्या चर्चेत हमखास येतं आणि चर्चा तिथेच अडते. संथ म्हणजे किती सेकंदांचा शॉट (दोन कटांमधला सलग तुकडा), आणि तो तेवढा का, हे विचारलं की कामाला सुरुवात होते. पुढची पद्धत तीन-चार जणांच्या गटाला सहज जमते. स्टॉपवॉच, वही आणि सिनेमाच्या बऱ्या प्रती एवढंच लागतं.

सिनेमे निवडताना जातकुळी एकच ठेवा. संगीतिका आणि गुन्हेपट शेजारी ठेवले तर जो फरक दिसेल तो काळाचा की प्रकाराचा, हे कळणारच नाही. सोयीची जोडी म्हणजे वॉर्नर स्टुडिओचा ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) आणि पॅरामाउंटचा ‘चायनाटाउन’ (१९७४). दोन्हीकडे खासगी गुप्तहेर आहे, आणि दोन्हीकडे सुरुवातीलाच एक बाई खोटं नाव सांगून त्याच्या ऑफिसात येते. तुलनेला याहून चांगला प्रसंग शोधून सापडायचा नाही. शिवाय पहिल्याचा दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन दुसऱ्यात खलनायक आहे, हा बोनस.

प्रत तपासल्याशिवाय मोजायला बसू नका. ‘फाल्कन’च्या चौकटीचं रुंदी-उंचीचं प्रमाण साधारण १.३७ : १, ‘चायनाटाउन’ची २.३५ : १. टीव्हीसाठी कडा कापलेल्या जुन्या प्रतीत रुंद चौकटीतली दोन माणसं मावत नाहीत, म्हणून मूळ सिनेमात नसलेले कट घातलेले असतात. तुम्ही इमानेइतबारे ते मोजता आणि आकडा फुगतो. ‘फाल्कन’ची रंग चढवलेली आवृत्तीही टाळा. पाल (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) पद्धतीची डीव्हीडी असेल तर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. दोन्ही प्रती एकाच पद्धतीच्या घ्या, नाहीतर ४ टक्के वजावट हिशोबात धरा.

पहिल्यांदा सिनेमा वही न उघडता पूर्ण बघा. मग ऑफिसातला तो प्रसंग घ्या. एकाने प्रत्येक कटला रेघ मारायची, दुसऱ्याने वेळ लिहायची. डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणं) किंवा वाइप (एक चित्र दुसऱ्याला पुसत जाणं) म्हणजे एकच कट. श्रेयनामावली वगळा. शंका आली तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबून एकेक फ्रेम पुढे न्या. एकूण सेकंदांना शॉटच्या संख्येने भागा: ६०० सेकंदांत ६० शॉट म्हणजे सरासरी १०, १२० शॉट म्हणजे ५. एखादा लांबलचक टेक सरासरी बिघडवतो, म्हणून सगळे शॉट लांबीनुसार लावून मधला आकडाही काढा.

मग चौकटी. प्रत्येक शॉटपुढे खूण करा: पूर्ण माणूस, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, फक्त चेहरा. कॅमेरा हलला का, आणि हलला तर कुणी चाललं म्हणून की आपला आपण, हेही लिहा. खोलीची ओळख करून देणारा शॉट, मग खांद्यावरून, मग समोरून, ही रचना आणि लाइन क्रॉस न करण्याचा नियम (दोन पात्रांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा) दोन्ही काळांत टिकलेला दिसेल. व्याकरण तेच राहतं. बदलतं ते प्रमाण. ‘चायनाटाउन’मध्ये आपण सतत गुप्तहेरासोबतच असतो, तो बेशुद्ध पडला की पडदाही काळा होतो. हे नवं वाटतं, पण ‘फाल्कन’ तपासा. तिथेही त्याच्या भागीदाराचा खून सोडला तर जवळपास सगळं गुप्तहेर स्पेडच्या हजेरीतच घडतं.

आता पैसा आणि माणसं. पुणेकरांना स्टुडिओ पद्धत समजावायला प्रभातसारखा दाखला नाही: पगारी कलाकार, पगारी तंत्रज्ञ, स्वतःची जागा, आणि त्याच आवारात आज एफटीआयआय. वॉर्नरकडे याच्या जोडीला देशभर थिएटरं होती. ह्यूस्टन तिथे पगारी पटकथाकार होता, आणि कथेचे हक्क कंपनीकडे असल्याने ती कथा तिने १९३१, १९३६ आणि १९४१ अशी तीनदा वापरली. १९४८ च्या पॅरामाउंट निकालानंतर (मोठ्या स्टुडिओंच्या मक्तेदारीविरुद्धचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) मोठ्या कंपन्यांना थिएटरं सोडावी लागली. हळूहळू प्रत्येक सिनेमासाठी लेखक, दिग्दर्शक, नट यांची मोट नव्याने बांधली जाऊ लागली. ‘चायनाटाउन’ आला तेव्हा पॅरामाउंट ही गल्फ अँड वेस्टर्न या अवाढव्य उद्योगसमूहाच्या मालकीची होती. दोन्ही सिनेमांची श्रेयनामावली उतरवून काढा. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, निर्माता कंपनी आणि वितरक एकच आहेत का, यावरून निम्मी गोष्ट कळते.

सेन्सॉरशिपबाबत मात्र घाई नको. ‘फाल्कन’मध्ये गुन्हेगार बाई पोलिसांच्या हाती जाते, ‘चायनाटाउन’मध्ये खलनायक मोकळा सुटतो. लगेच निष्कर्ष निघतो की पहिला शेवट प्रॉडक्शन कोडने, म्हणजे हॉलिवूडच्या स्वतःच्या सेन्सॉर नियमावलीने, लादला. चूक. १९३० च्या मूळ कादंबरीतही तिला पोलिसांच्या हवाली केलं जातं, आणि कोडची कडक अंमलबजावणी १९३४ पासूनची. कोडचा हात पाहायचा असेल तर वॉर्नरचीच १९३१ ची आवृत्ती शेजारी ठेवा. तिथे हरवलेल्या नोटेसाठी नायिकेला कपडे उतरवायला लावतात. १९४१ मध्ये तो प्रसंगच नाही. कंपनी तीच, गोष्ट तीच, मधे कोड. १९६८ मध्ये त्याच्या जागी श्रेणी देण्याची पद्धत आली, म्हणून १९७४ चा तो शेवट पडद्यावर येऊ शकला.

एवढं करून ‘चायनाटाउन’चे शॉट तुम्हाला अपेक्षेइतके छोटे वाटले नाहीत, तर मोजणी चुकली असं समजू नका. एक सिनेमा म्हणजे अख्खा काळ नव्हे. अभ्यासकांच्या मोजणीनुसार १९३० ते १९६० च्या बहुतेक हॉलिवूडपटांत सरासरी शॉट ८ ते ११ सेकंदांचा असे. शतकाच्या अखेरीस तो साधारण ३ ते ६ वर आला. म्हणून तिसरा सिनेमा जोडा: ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ (१९९७). यावरही वॉर्नरचं नाव आहे, पण सिनेमा रीजन्सी या वेगळ्या निर्मिती कंपनीचा आणि वॉर्नर वितरक. १९४१ च्या नामावलीशी ही ताडून पाहिली की बदल डोळ्यांत भरतो.

वेग वाढला तो संगणकावरच्या एडिटिंगमुळे, असं कुणीतरी म्हणेलच. तारखा लावून बघा: अ‍ॅव्हिड हे संगणकी एडिटिंगचं यंत्र १९८९ चं, आणि शॉट १९६० च्या दशकापासूनच आखूड होत होते. संगणकाने कट स्वस्त केला, सुरुवात त्याने केली नाही.